झोपमोडीचा हिशेब

गेल्या महिन्यापर्यंत सहा-सात तास सहज चालणारा लॅपटॉप एकाएकी तीन तासांतच चार्जर मागू लागला, की बहुतेकांचे निदान ठरलेले असते: बॅटरी गेली. मग नव्या बॅटरीची किंमत विचारली जाते, जुनी काढून नवी बसवली जाते, आणि आठवडाभरात कळते की नवीही तितक्याच वेगाने उतरते आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही गत. सोनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली. तेव्हापासून तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण तिची झिजण्याची रीत बदलली नाही. प्रत्येक चार्जिंगबरोबर ती किंचित क्षमता गमावते आणि म्हातारपण हळूहळू येते. आयपॅडची बॅटरी पूर्ण चार्जिंगची १००० चक्रे झाल्यावरही मूळ क्षमतेच्या ८० टक्के टिकून राहावी अशी बनवलेली असते, असे ॲपल सांगते. रोज एक चक्र धरले, तरी पाचवा हिस्सा कमी व्हायला पावणेतीन वर्षे लागतात. अशी वस्तू, सेलमध्येच बिघाड झाला नसेल तर, एका आठवड्यात निम्म्यावर येत नाही. एका आठवड्यात बदलतो तो खर्च, आणि खर्च ठरवते सॉफ्टवेअर. म्हणून घसरण अचानक आलेली असेल, तर संशय आधी साठ्यावर न घेता खर्चावर घ्यायला हवा. या प्रकरणाचे म्हणणे त्याहून एक पाऊल पुढचे आहे: असा अचानक वाढलेला खर्च बहुधा आपण केलेल्या कामाचा नसतो, यंत्राच्या झोपमोडीचा असतो. कोण झोपू देत नाही हे शोधले, की अर्धे काम झाले.

आधी साठा आणि खर्च यांचे गणित डोळ्यांसमोर असू द्यावे. घरच्या वीजबिलावरचे एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. साध्या लॅपटॉपच्या बॅटरीत सुमारे ५० वॅट-तास मावतात. म्हणजे एका युनिटात अशा वीस बॅटऱ्या भरतील. साठा इतका तुटपुंजा असल्यामुळे थोड्याशा फरकानेही वेळ झपाट्याने घटतो. लॅपटॉप सरासरी ५ वॅट खात असेल, तर ५० वॅट-तास दहा तास पुरतात. खर्च १० वॅटवर गेला की पाच तास उरतात, आणि १५ वॅटवर गेला की तीन तास वीस मिनिटे. दहा तासांचे पाच तास होण्यासाठी फक्त ५ वॅट जास्तीचे लागले, जेमतेम एका छोट्या एलईडी दिव्याइतके. बॅटरी संपवणारा प्रोग्रॅम प्रचंड असेल, पंखा घरघरत असेल, पडदा अडखळत असेल, ही अपेक्षा इथेच चुकीची ठरते. यंत्र झकास चालत असतानाही हे ५ वॅट गुपचूप निघून जाऊ शकतात, कारण ते कामाच्या गर्दीत जात नाहीत, कामाच्या अधल्यामधल्या फटींतून झिरपतात.

या फटी म्हणजे काय, हे समजायला प्रोसेसर वीज कशी वाचवतो ते पाहावे लागते. आपण एखादा लेख वाचत असतो तेव्हा माणसाच्या दृष्टीने काम चालू असते, पण प्रोसेसरला तेव्हा जवळजवळ काहीच काम नसते. पान एकदा पडद्यावर मांडून झाले, की पुढची हालचाल आपण पान सरकवू तेव्हा. मधला काळ प्रोसेसर झोपतो, आणि या झोपेच्या पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर तो फक्त थांबतो. खालच्या पायऱ्यांवर आपल्या भागांचा वीजपुरवठाच तोडतो. जितके खाली जावे तितकी बचत मोठी, पण तितकाच जागे होण्याचा खर्च आणि वेळही जास्त. त्यामुळे पुढची हाक लवकर येणार असा अंदाज असेल, तर प्रोसेसर खोल झोपेत जातच नाही, वरच्या पायरीवर डुलकी काढत बसतो. रात्री दर पाच मिनिटांनी कोणी हाक मारली, तर हाकांना उत्तर देण्यात एकूण दहा मिनिटेही जात नाहीत, पण झोप मात्र अख्ख्या रात्रीची जाते. प्रोसेसरचेही तसेच होते. किती वेळ काम केले यापेक्षा किती वेळा उठवले, हा आकडा कित्येकदा जास्त बोलका असतो.

ही गोष्ट नुसती तर्काने सांगितलेली नाही. ती मोजली गेली आहे. २००७ साली इंटेलने लिनक्ससाठी पॉवरटॉप नावाचे एक छोटे साधन काढले. प्रोसेसरला दर सेकंदाला किती वेळा आणि कोणत्या प्रोग्रॅमने उठवले, याची यादी ते दाखवत असे. वर्षानुवर्षे निरुपद्रवी समजले गेलेले कितीतरी प्रोग्रॅम त्या यादीत वर दिसू लागले. कोणी नवी फाइल आली का म्हणून सतत डोकावत होता, तर कोणी काहीच बदललेले नसताना आपले चिन्ह पुन्हा रंगवत होता. विंडोजमध्ये हाच प्रश्न घड्याळाच्या ठोक्यातून दिसतो. तिथे व्यवस्थेचा ठोका सहसा १५.६ मिलिसेकंदांनी पडतो, म्हणजे सेकंदाला ६४ वेळा. प्रोग्रॅमने मागितले तर तो १ मिलिसेकंदावर आणता येतो, म्हणजे सेकंदाला १००० वेळा. आवाज किंवा चलच्चित्र अचूक वेळेवर दाखवायला हे कधीकधी लागते. पण दीर्घकाळ नियम असा होता, की एका प्रोग्रॅमने जलद ठोका मागितला की तो साऱ्या यंत्राला लागू होई. गूगलचा क्रोम ब्राउझर विंडोजवर गरज नसतानाही असा जलद ठोका धरून ठेवत असल्याचा मुद्दा २०१४ मध्ये बराच गाजला आणि कंपनीने दुरुस्ती हाती घेतली. पुढे २०२० मध्ये, विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीत, मायक्रोसॉफ्टने मूळ नियमच बदलला आणि एकाची मागणी सगळ्यांवर लादणे थांबवले. ॲपलने २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीत वेगवेगळ्या प्रोग्रॅमच्या हाका एकत्र जमवून एकाच वेळी द्यायची सोय केली, म्हणजे दहा वेळा उठण्याऐवजी एकदाच उठून दहा कामे उरकायची. गूगलने २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ मध्ये डोझ ही व्यवस्था आणली. उपकरण चार्जरवर नसेल, हलत नसेल आणि पडदा बंद असेल, तर ॲप्सची कामे ती अडवून ठेवते आणि अधूनमधून ठरलेल्या वेळेला थोडा अवकाश देते. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच उपाय काढावा, हा दुखणे कुठे आहे याचा मोठा पुरावा आहे.

एक उदाहरण अगदी जवळून पाहण्याजोगे आहे. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा प्रोग्रॅमरांचा आवडता संपादक. २०१७ मध्ये एका वापरकर्त्याच्या लक्षात आले, की खिडकी उघडी ठेवून काहीही न टाइप करता नुसते बसले, तरी तो संपादक प्रोसेसरचा सुमारे १३ टक्के वेळ खातो. शोध घेतल्यावर कारण सापडले ते पडद्यावर लुकलुकणाऱ्या कर्सरमध्ये. कर्सर दिसतो, नाहीसा होतो, पुन्हा दिसतो. अर्ध्या सेकंदाला एक बदल, म्हणजे सेकंदाला दोन. पण तो लुकलुकवण्यासाठी ॲनिमेशनची जी पद्धत वापरली होती, तिच्यामुळे आतले ब्राउझर इंजिन सेकंदाला ६० वेळा जागे होऊन पडदा पुन्हा मांडायचा विचार करत होते. दोन बदलांसाठी साठ हाका. ठरावीक अंतराने कर्सर फक्त लपवायचा आणि दाखवायचा, इतका साधा बदल करून ही उधळण थांबवता आली. इथे कोणाची लबाडी नव्हती, व्हायरस नव्हता, फार मोठी चूकही नव्हती. डोळ्यांना दोन्ही कर्सर अगदी सारखे दिसले असते. म्हणूनच बॅटरीचा दोष डोळ्यांनी शोधता येत नाही, तो मोजावा लागतो.

टॅबलेट आणि फोनवर हीच कथा आणखी ठळक होते. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये आयफोनवरचे फेसबुक ॲप बॅटरी फार खाते अशी ओरड झाली. कंपनीने तपास करून दोन कारणे जाहीरपणे मान्य केली. पहिले, नेटवर्कशी बोलणारा भाग उत्तर येईपर्यंत शांत बसण्याऐवजी आले का, आले का म्हणून सतत विचारत राहत होता. दुसरे कारण आपल्या दृष्टीने अधिक बोलके आहे. व्हिडिओ पाहून माणूस ॲपमधून बाहेर पडला, तरी आवाजासाठी उघडलेली वाट काही वेळा बंद होत नसे. प्रत्यक्षात आवाज नव्हता, कामही नव्हते. पण आवाज चालू आहे असे समजून यंत्रणा त्या ॲपला झोपवत नव्हती. काम शून्य, आणि बॅटरी तरीही उतरते आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये अशा झोप न लागू देणाऱ्या दोषांचा स्वतंत्र अभ्यास केला होता. यंत्राला जागे ठेवायचा हक्क ॲपने मागून घ्यायचा आणि काम झाल्यावर परत करायचा, ही अँड्रॉइडची रीत. हक्क परत करायला विसरलेले ॲप पडदा विझला तरी यंत्र जागे ठेवते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात त्यांनी सहकाऱ्यांसह ॲपच्या आतला ऊर्जेचा खर्च भागाभागाने मोजला, तेव्हा फुकट मिळणाऱ्या ॲप्समध्ये ६५ ते ७५ टक्के ऊर्जा जाहिराती आणणाऱ्या बाहेरच्या भागांवर जात असल्याचे दिसले. यात रेडिओच्या स्वभावाचाही वाटा असतो. मोबाइल नेटवर्कवरून चार अक्षरे आणली, तरी रेडिओ त्यानंतर काही सेकंद जागाच राहतो. त्यामुळे एकदाच भरपूर माहिती आणणे स्वस्त पडते आणि थोडी थोडी वारंवार आणणे महाग.

आता शोध कसा घ्यावा. मोजण्याआधी काहीही बदलू नये, हा पहिला नियम. बदलल्यावर मोजले तर तुलना कशाशी करणार? सुरुवात साठ्याच्या तपासणीने करावी, म्हणजे तो संशय एकदाचा मिटतो. विंडोजवर पॉवरसीएफजी या आज्ञेला बॅटरीरिपोर्ट हा शब्द जोडून दिला, की एक अहवाल तयार होतो. त्यात कारखान्यातून निघतानाची क्षमता आणि आज पूर्ण चार्ज होतानाची क्षमता शेजारीशेजारी असतात. ५० वॅट-तासांची बॅटरी आज ४३ भरत असेल, तर साठा चौदा टक्क्यांनी घटला आहे; तेवढ्याने सात तासांचे तीन होणार नाहीत. साठा निर्दोष ठरला, की रात्रीची चाचणी घ्यावी. झोपण्यापूर्वी टक्केवारी लिहून ठेवावी, चार्जर काढावा, झाकण मिटावे किंवा टॅबलेटचा पडदा बंद करावा, आणि सकाळी पुन्हा पाहावे. या काळात पडद्याचा खर्च नाही, आपले कामही नाही. रात्रीत दोन-तीन टक्के गेले तर चिंता नको; वीस-पंचवीस गेले, तर कोणीतरी यंत्राला जागे ठेवते आहे हे निश्चित झाले, आणि आपल्या सवयींवरचा संशयही दूर झाला.

कोण जागे ठेवते हे यंत्र स्वतःच सांगते, फक्त त्याला विचारावे लागते. विंडोजवर त्याच आज्ञेला रिक्वेस्ट्स हा शब्द जोडला, की या क्षणी झोप अडवून बसलेल्या प्रोग्रॅमची नावे मिळतात, आणि स्लीपस्टडी जोडला, की झाकण मिटलेले असताना बॅटरी किती उतरली आणि कोणामुळे, याचा अहवाल मिळतो. टास्क मॅनेजरमध्ये विजेच्या वापराचा रकाना असतो. त्याच्या शेजारचा कल दाखवणारा रकाना जास्त महत्त्वाचा, कारण त्यात क्षणिक उसळी विरून जाते आणि सातत्याने खाणारा उरतो. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरच्या एनर्जी भागात प्रत्येक प्रोग्रॅमचा भार दिसतो, आणि तो झोप अडवतो आहे की नाही हे सांगणारा वेगळा रकानाही असतो. आयपॅडवर सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर कोणते ॲप पडद्यावर किती वेळ होते आणि बॅकग्राउंडला किती, हे कळते. वाचायचा आकडा तो दुसरा. पडद्यावर पाच मिनिटे आणि बॅकग्राउंडला चार तास, अशी ओळ दिसली आणि ते ॲप गाणी वाजवणारे किंवा रस्ता दाखवणारे नसेल, तर चोर सापडला असे समजावे. त्याची बॅकग्राउंडची परवानगी काढावी, दुसरे काहीही न बदलता पुन्हा रात्रीची चाचणी घ्यावी, आणि आकडा सुधारला तरच निदान पक्के मानावे. एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या तर गुण कशाचा आला ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या खेपेला पुन्हा साप म्हणून भुई धोपटणे नशिबी येते.

या म्हणण्यावर काही आक्षेप येतात, आणि त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे. पहिला आक्षेप पडद्याचा. निवांत वाचताना लॅपटॉपच्या खर्चातला मोठा वाटा पडद्याचाच असतो, हे खरे आहे. प्रकाश कमी केला तर फायदाही होतो. पण पडदा गेल्या महिन्यातही तितकाच खात होता. अचानक वाढलेल्या खर्चाचा जाब, न बदललेल्या गोष्टीला विचारता येत नाही. प्रकाश मंद करून डोळे ताणत बसणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: झोपेचा मुद्दा सगळीकडे लागू पडत नाही, काही वेळा काम खरोखरच जड असते. हे मान्य करायला हवे, आणि व्हिडिओ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. आकुंचित व्हिडिओ उलगडण्यासाठी चिपमध्ये खास मंडले असतात आणि ती फार थोड्या विजेत काम करतात. पण ती ठरावीक पद्धतींपुरतीच असतात. २०१३ साली आलेली व्हीपी९ किंवा २०१८ साली आलेली एव्ही१ ही पद्धत जुन्या चिपच्या मंडलांना कळत नाही. मग तेच काम मुख्य प्रोसेसरला आकडेमोड करून ओढावे लागते, आणि तोच व्हिडिओ कितीतरी महाग पडतो. इथे दोष झोपमोडीचा नाही, चुकीच्या हाती गेलेल्या कामाचा आहे. पण तपासाची वाट बदलत नाही: रात्रीची चाचणी निर्दोष आली आणि व्हिडिओ लावताच रकाना चढला, तर उपायही तिथेच शोधायचा, म्हणजे व्हिडिओ जुन्या पद्धतीत मागणारी सोय वापरायची किंवा त्याचा दर्जा एक पायरी उतरवायचा.

तिसरा आक्षेप सवयीतून येतो. इतका तपास कशाला, सगळी ॲप्स बंद करून टाकली की झाले. टॅबलेटवर एकेक ॲप वर ढकलून बंद करणारे पुष्कळ आहेत. पण नीट लिहिलेले ॲप नजरेआड झाले की गोठवले जाते. ते फक्त मेमरीत जागा धरून असते, आणि मेमरी भरलेली असो वा रिकामी, तिला वीज जवळपास सारखीच लागते. ते बंद करून अर्ध्या तासाने पुन्हा उघडले, तर सगळे नव्याने उभारण्यात उलट जास्त खर्च होतो. २०१६ मध्ये एका वापरकर्त्याने ॲपलला विचारलेही होते, की बॅटरीसाठी अशी ॲप्स बंद करावी लागतात का. कंपनीचे सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडेरिघी यांनी दिलेले उत्तर नकारार्थी होते. दोषी ॲप बंद करण्याने गुण येतो यात शंका नाही, पण तो त्या एका ॲपमुळे येतो. सरसकट बंद करणाऱ्याला ते एक कोणते हे कधीच कळत नाही, आणि उद्या ते पुन्हा जागे होते. शेवटचा आक्षेप मोजण्यावरच आहे: हे रकाने तरी खरे कशावरून? प्रोग्रॅमवार दिसणारे आकडे बहुतांशी अंदाजच असतात, प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळा मीटर बसवलेला नसतो. म्हणून एका रकान्यावर निकाल देऊ नये. रकाना संशयित दाखवतो, गुन्हा सिद्ध होतो तो आधीच्या आणि नंतरच्या रात्रीच्या टक्केवारीवर. नवी आवृत्ती बसवल्यावरचे पहिले एक-दोन दिवस तर निकालच देऊ नये. तेव्हा यंत्र फायलींची सूची नव्याने करत असते, फोटोंतले चेहरे ओळखत असते. हे काम खरे असते आणि संपणारे असते. आठवड्यानंतरही खर्च उतरला नाही, तर मात्र तपासाला लागावे.

एक प्रश्न तरीही उरतो, आणि तो न्यायाचा आहे. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमचा दोष शोधायचा भार वापरणाऱ्याने का उचलावा? खरे तर उचलायला लागू नये. ठोका जलद मागितला तर काम संपताच तो सोडणे, जागे ठेवायचा हक्क घेतला तर परत करणे, सारखे विचारत राहण्याऐवजी उत्तराची वाट पाहणे, ही लिहिणाऱ्याची कर्तव्ये आहेत. पण वर आलेल्या उदाहरणांकडे पुन्हा पाहिले, तर एक गोष्ट दिसते. कर्सरचा दोष एका वापरकर्त्याने आकडा पाहून नेमका दाखवून दिला, म्हणून मुळापासून दुरुस्त झाला. फेसबुकने कारणे शोधली ती लोकांनी कोणत्या ॲपखाली किती खर्च दिसतो हे वाचून तक्रार केली तेव्हा. बॅटरी लवकर संपते, अशा तक्रारीवर कोणालाच काही करता येत नाही. हे ॲप रात्री पडदा बंद असताना चार तास जागे होते आणि ते काढल्यावर पंचवीसचे तीन टक्के झाले, अशी तक्रार मात्र लिहिणाऱ्याला थेट चुकीच्या ओळीपर्यंत नेते. तेव्हा तपास आपल्या एका लॅपटॉपपुरता राहत नाही. तोच प्रोग्रॅम लाखो यंत्रांवर चालत असतो, आणि त्यातल्या अनेकांच्या मालकांनी आपली बॅटरी म्हातारी झाली असे समजून नवीचे पैसे बाजूला काढलेले असतात. आज रात्री झाकण मिटण्यापूर्वी कागदावर लिहिलेला टक्केवारीचा एक आकडा, आणि उद्या सकाळी त्याखाली लिहिलेला दुसरा, या दोन आकड्यांपासून ती चूक दुरुस्त व्हायला सुरुवात होते.